एका सरकीचं मत

धामणखेडात आमच्या घराला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. लहानपणी मला याचा भारी अभिमान वाटायचा, आता आठवलं की कान गरम होतात. नाही म्हणणारा पहिला माणूस मी वयाच्या दहाव्या वर्षी पाहिला. तो होता बशीर केबलवाला, आम्हा पोरांचा बशीरचाचा. त्याचे माझ्यावर उपकार आहेत. उपकार फेडायची आमच्या घराण्यात रीत नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवते.

गाव संग्रामपूरपासून आठ किलोमीटरवर. उत्तरेला सातपुडा, बाकी तिन्ही बाजूंना कापूस. माझे आजोबा महादेवराव, म्हणजे आमचे आबाजी, गावातले सगळ्यात मोठे कास्तकार. त्यांचं घर गावातलं एकमेव दुमजली घर, आणि म्हणूनच बशीरचाचाची केबलची डिश आमच्या गच्चीवर होती. मलकापूरच्या एका दुकानात दहा वर्षं टीव्ही दुरुस्त करून चाचा गावात परत आला, तेव्हा ती भलीमोठी जाळीची डिश त्याने ट्रॅक्टरवर घालून आणली होती. गच्चीच्या बदल्यात आम्हाला केबल फुकट. शिवाय आबाजींचा निरोप गेला की चाचा गावभराची वाहिनी बदलून द्यायचा. आबाजींना कुस्त्या पाहायच्या असल्या की अख्ख्या धामणखेडाने कुस्त्या पाहाव्यात. यात काही गैर आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

चाचा दिसायला किडकिडीत, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं आणि सायकलला बांधलेली बांबूची शिडी. एकदा खांबावरून पडला होता, त्यामुळे डाव्या हाताची करंगळी वाकडी. त्याची एक सवय मोठ्या माणसांना खटकायची. घरात येऊन वायर जोडली की तो मालकाला कधीच विचारायचा नाही. घरातलं सगळ्यात लहान पोर समोर बोलवायचा आणि त्याला विचारायचा, दिसतं का रे नीट? त्याचं म्हणणं असं की मोठा माणूस टीव्ही बिघडला की केबलवाल्याला शिव्या देतो, नीट काही सांगत नाही. पोर मात्र कोणत्या कोपऱ्यात मुंग्या येतात ते बोट ठेवून दाखवतं. पोरांच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवणारा दुसरा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शाळेत नाही, घरात तर नाहीच.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. कपाशीचं बीटी बियाणं, ज्याला बोंडअळी लागत नाही म्हणत ते, येऊन दोन-तीन हंगाम झाले होते. पहिल्या वर्षी लोकांनी बोंडं मोजून आनंद केला, मग पानं लाल पडायला लागली. लाल्या आला म्हणत माणसं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नुसती उभी राहायची. ज्यांचं पिकलं त्यांना भाव मिळाला नाही. टीव्हीवर रोज विदर्भ दाखवत. आपल्याच जिल्ह्याचं नाव आलं की घरातला कर्ता माणूस उठून आवाज बंद करायचा. शेजारच्या गावांत काय काय घडत होतं ते आमच्यासमोर हळू आवाजात बोललं जाई, आणि आम्हाला ते सगळं कळत असे. मोठ्यांना वाटतं पोरांचे कान झोपलेले असतात. त्या दिवाळीत गावात फटाका वाजला नाही, आणि कुणी कुणाला का म्हणून विचारलंही नाही.

अशा दिवसांत एका दुपारी डिश फिरवताना बशीरचाचाला एका परदेशी वाहिनीवरचा सोहळा दिसला. मोठमोठे नट आणि गाणारे झकपक कपडे घालून रांगेत बसलेले, आणि त्यांच्यातला सगळ्यात आवडता कोण ते लहान पोरांनी मतं देऊन ठरवलेलं. मध्येच कुणाच्या तरी डोक्यावर हिरवा चिकट रबडा ओतला जात होता आणि तो माणूस खदखदून हसत होता. मी पुढे वाचलं की तो सोहळा ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. आधी तिकडची पोरं छापील कागदावर मतं देत, मग फोनवरून, मग संगणकावरून. चाचाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं दिसलं की पोरं ठरवतात आणि मोठे मान खाली घालून ऐकतात. त्याने बायकोला, सरवरीचाचीला, हाक मारून ते दाखवलं. तिने एकच प्रश्न विचारला, ते कपडे मग धुतं कोण?

चाचाची स्वतःची एक गावची वाहिनी होती. तिच्यावर लग्नाच्या कॅसेट, गणपतीची मिरवणूक, उरूस आणि हरवलेल्या म्हशी दाखवत. तिच्यावर त्याने जाहीर केलं की यंदा धामणखेडातली पोरं गावातला सगळ्यात आवडता करमणूक करणारा माणूस निवडतील, आणि शनिवारी संध्याकाळी तो सोहळा टीव्हीवर दिसेल. नाव ठेवलं, पोरायची पसंती.

नावं तीन. पहिलं नारायणरावांचं, म्हणजे माझ्या काकाचं. काका ऑर्केस्ट्रात गायचा, पांढरे बूट घालायचा आणि उंच सूर आला की डोळे मिटून भुवया वर न्यायचा. दुसरं गीताबाईंचं. भोंडल्यासारखी आमच्याकडची भुलाबाईची जेवढी गाणी त्यांना येत तेवढी जिल्ह्यात कुणाला येत नसतील. तिसरं तुळशीरामचं. तुळशीराम लोकांच्या शेतात फवारणीला जायचा आणि पोळ्याला, गणपतीला सोंगं काढायचा. त्याचं बोंडअळीचं सोंग प्रसिद्ध होतं. हिरव्या लुगड्यात स्वतःला गुंडाळून तो सरपटत यायचा, बीटीच्या पानाचा चावा घ्यायचा, पोट धरून लोळायचा, मग उठून अगदी गंभीरपणे सांगायचा की पाव्हणे, इथलं जेवण आपल्याला मानवत नाही, आपण तुरीत जातो. आम्ही हसून हसून रडायचो. हे सोंग पाहताना मोठी माणसंही हसायची, पण जरा उशिरा.

मत कशावर द्यायचं, हा प्रश्न होता. कागद वाटायचे तर कुणी फाडून दहा करेल. तेव्हा चाचाला एक युक्ती सुचली, आणि ती सुचायला माणूस आमच्याच मुलखातला हवा. बीटी बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी वेगळी यायची, बिनबीटीची. ती शेताच्या कडेने पेरावी असा नियम होता, म्हणजे अळी तिकडे जाईल. आमच्याकडे ती कुणी पेरत नसे. पैसे मोजून किडे कोण पाळणार, असा सगळ्यांचा हिशेब. पुड्या धुऱ्यावर नाहीतर कोठीच्या कोपऱ्यात पडून असत. चाचा म्हणाला, घराघरात ती पुडी आहे आणि कुणाच्या कामाची नाही. तिच्यावर आपलं आणि आपल्या आवडत्या माणसाचं नाव लिहून माझ्या दुकानासमोरच्या डब्यात टाका. एक पुडी, एक मत.

आता माझं ऐका. आबाजी रोज जेवताना म्हणायचे की कापसाने नाक कापलं, निदान नारायणाने तरी घराचं नाव राखावं. काकाने त्या वर्षी शेतात हात घालणं सोडलं होतं, दिवसभर पेटी घेऊन बसायचा, आणि घरातली सगळीच माणसं त्याच्याशी जपून बोलायची. आम्ही पाच पोरं होतो, मी सगळ्यांत मोठी. माझ्या आईने, पद्मजाने, मला गार्गी आणि भावाला विहंग अशी पुस्तकी नावं ठेवली होती. ती खामगावच्या मास्तरांची मुलगी. तिने आम्हाला सांगून ठेवलं होतं की ज्याला जे आवडेल ते लिहा. पण मी आबाजींची लाडकी. मी कोठीत शिरले, कोपऱ्यातलं पोतं उपसलं आणि बेचाळीस पुड्या मोजून बाहेर काढल्या. दोन दुपारी बसून मी बेचाळीस वेळा माझं नाव लिहिलं आणि बेचाळीस वेळा काकाचं. हात भरून आला. आपण काही वाईट करतोय असं मला एकदाही वाटलं नाही. नियमच होता, एक पुडी, एक मत.

शनिवारी चाचाच्या दुकानासमोर अर्धं गाव जमलं, उरलेलं टीव्हीसमोर. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा तिवईवर उभा केला होता. सरवरीचाची मतं मोजायला बसली, कारण तिला टीव्हीचा कंटाळा होता आणि तिन्ही उमेदवारांचा सारखाच. जुन्या डिशच्या पत्र्यातून चाचाने कापसाचं बोंड कापून त्याला लाकडी बैठक लावली होती, ते बक्षीस. आणि हिरव्या रबड्याच्या जागी त्याने टोपलीभर कवडी कापूस ठेवला होता. डागाळलेला, अळीने खाल्लेला, कुणी विकत न घेणारा कापूस, जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ओतायला. काका जिंकला. पोरांनी टोपली उपडी केली आणि काकाच्या तेल लावलेल्या केसांना कापूस चिकटला. घरी टीव्हीसमोर आमच्यात बसलेल्या आबाजींनी गुडघ्यावर थाप मारली. दोन वर्षांत ते तसे हसले नव्हते.

तेवढ्यात पुढे बसलेली शाहीन उभी राहिली. ती पिंजाऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गात. तिच्या घरात अख्ख्या गावाच्या गाद्या भरल्या जायच्या, पण वावर एक गुंठाही नव्हतं. तिने कॅमेऱ्यासमोर शांतपणे विचारलं, "चाचा, आमच्या घरी बियाण्याचं पाकीट येतच नाही. मंग माह्यं मत कोठी गेलं?"

चाचाने पुढे होऊन कॅमेरा बंद केला. घरोघरी पडदा काळा झाला आणि लोकांना वाटलं, लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. आबाजी चहा पीत होते, काका पत्र्याचं बोंड रुमालाने पुसत होता. चाचाने सरळ सांगितलं की चूक त्याची आहे. ज्याच्याकडे वावर जास्त त्याची मतं जास्त, आणि मजुरांच्या पोरांना मतच नाही, असं त्याने नकळत करून ठेवलं. आता पुन्हा मतं घ्यायची, एका पोराला एकच, आणि तोवर बक्षीस परत हवं. कोणाच्या किती पुड्या होत्या हे त्याने सांगितलं नाही. बेचाळीस पुड्यांवर एकच नाव होतं आणि ते त्याने नक्की वाचलं होतं. मी खांबाआड उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भर ओट्यावर माझं नाव घेणं किती सोपं होतं, हे मला आता कळतं. ते त्याने केलं नाही याबद्दल मी त्याची तेव्हापासून ऋणी आहे.

आबाजी रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "घे पुन्हा मतं. दहा डाव घे. माह्याच पोट्टा निंघन." काकाने बक्षीस चाचाच्या हातात दिलं. पांढऱ्या बुटांसकट तो मला फार लहान दिसला.

मग पाच दिवस चाचा दारोदार फिरला. जुन्या व्हीसीआरच्या खोक्याचे त्याने तीन खण केले होते. डाव्या खणावर पेटीचं चित्र, म्हणजे काका. मधल्यावर भुलाबाई, म्हणजे गीताबाई. उजव्यावर अळी, म्हणजे तुळशीराम. लहान पोरांना वाचता येत नाही म्हणून चित्रं. समोरून जुन्या सदऱ्याची बाही शिवलेली, तिच्यातून हात आत घालायचा. मताला म्हशीच्या खुराकातली सरकी. प्रत्येक पोराच्या तळव्यावर तो एकच सरकी ठेवायचा, मग खोकं छातीशी धरून त्याच्यासमोर गुडघ्यावर बसायचा. झोपडपट्टीत गेला, कापूस वेचायला आलेल्या मजुरांच्या पालांवर गेला, आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या पोरांकडे गेला. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांच्याकडेही गेला. ती पोरं दुसऱ्याच्या दारात उभी राहून टीव्ही बघतात, तर मतही देतील, असं त्याचं म्हणणं.

आमच्या घरी तो आला तेव्हा आबाजी झोपाळ्यावर होते. पाचही पोरांना ओळीत उभं केलं गेलं. मी पहिली. तळव्यावर एक सरकी पडली आणि मला एकदम चुकल्या-चुकल्यासारखं झालं. बेचाळीस पुड्या लिहिताना मला कोण आवडतं हा प्रश्नच आला नव्हता. एवढी मतं असली की विचार करावा लागत नाही. आता हातात एक होतं, आणि बाहीत हात घातल्यावर आतल्या अंधारात मला बोंडअळी पोट धरून लोळताना दिसली. काका मला आवडायचा. पण तो गाताना मी कधी हसले नव्हते, आणि त्या वर्षी मला हसायला फार आवडत होतं. मी सरकी उजव्या खणात टाकली. ती पुठ्ठ्यावर टक्कन वाजली. चाचा माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

निकाल लागला. तुळशीराम एकशे एकवीस, काका एकशे अठरा, गीताबाई चौसष्ट. तीन मतांनी काका हरला. गावाच्या मधोमध तुळशीरामच्या डोक्यावर कवडी कापसाची टोपली रिती झाली, तो तिथेच अळीसारखा आडवा झाला आणि सरपटत सरपटत आपलं बक्षीस घ्यायला गेला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि मग काही जणी रडत होत्या, आणि पुन्हा हसत होत्या. कित्येक दिवस गावातल्या घरांतून असा आवाज आला नव्हता. मी घरी टीव्हीसमोर बसून होते, आणि शेजारी आबाजी बोटांवर काहीतरी मोजत होते.

आबाजी अडाणी नव्हते. तीन मतांचा फरक, म्हणजे दोन पोरांनी इकडचं मत तिकडे टाकलं तरी डाव फिरला असता. आणि त्यांच्या घरात पोरं पाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचाला बोलावणं धाडलं. आम्हा पाचांना पुन्हा ओळीत उभं केलं. काका घरात निघून गेला. आई दारात आली आणि दारातच उभी राहिली, सासऱ्यासमोर याहून पुढे यायची त्या घरात पद्धत नव्हती.

आबाजी झोपाळ्यावरून म्हणाले, "ह्या पाचांतल्या कोनं माह्या पोराले मत नाही देल्लं, तेवढं सांग."

चाचाने सांगितलं की खोकं झाकलेलं होतं. आबाजींनी मान हलवली. खोकं तुझ्या छातीला टेकलेलं होतं, सरकी डावीकडे वाजली की उजवीकडे हे तुला कळलं नसेल असं सांगू नकोस, असं ते म्हणाले. ही त्याची दुसरी चूक होती, खोकं जमिनीवर ठेवायला हवं होतं. विहंग माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून उभा होता.

मग आबाजींनी त्याला वाट करून दिली. ते वाईट नव्हते, हे लिहायला हवं. ते एक हरलेले बाप होते. म्हणाले, "बरं. तुले मालूम नाही म्हंतं नं? मंग घे तुह्या उमैमाची शप्पथ का तुले मालूम नाही. गोठ खतम. डिश राहू दे, मी पुन्हा बोलनार नाही."

उमैमा चाचाची लेक, तेव्हा चार वर्षांची. आमच्याकडे लेकराची शपथ म्हणजे शेवटचा शब्द, त्यावर कुणी पुढे बोलत नाही. मला वाटलं, सुटलो. घे ना शपथ, मी मनात म्हणत होते, एका वाक्याचं तर काम आहे. चाचा खाली बघत होता. अंगठ्याने वाकडी करंगळी चोळत होता. शपथ त्याने घेतली नाही.

शेवटी आबाजी आमच्याकडे वळले आणि म्हणाले की राहू दे, मी पोरांनाच विचारतो. गार्गे, तू सांग.

तेव्हा चाचाने तोंड उघडलं. आवाज चढवला नाही. "पोरायले नका इचारू पाटील. मत त्यायचं हाये. मी डिश काढून घेतो, पन पोरायले कोनी इचारनार नाही, हा शब्द द्या."

आबाजींच्या ओट्यावर उभं राहून त्यांच्याकडून शब्द मागणारा माणूस त्यांनाही नवाच असावा. "काढ मंग," ते म्हणाले. "देल्ला शब्द."

चाचाने शिडी लावली आणि गच्चीवर चढला. दुपारभर एकटा नट सोडवत होता. ती डिश दोरीने उतरवताना तिचा काठ भिंतीवर घासून चुना पडला, तो ओरखडा पुढे कितीतरी वर्षं तिथे होता. गावात आठ दिवस टीव्ही नव्हता. मग शाहीनच्या बापाने आपल्या अंगणात जागा दिली. पण ते अंगण पडलं खोलगट, समोर चिंच. चित्र कधीच पूर्वीसारखं आलं नाही. वारा सुटला की मुंग्या, पान पडलं की मुंग्या. निम्म्या घरांनी पुढे स्वतःच्या छोट्या छत्र्या लावून घेतल्या. त्यात पहिलं घर आमचं. चाचाचा धंदा त्यानंतर कधी उभा राहिला नाही, आणि ते कशामुळे हे गावात फक्त मला माहीत आहे असं मी समजत होते. त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालायची. तो मात्र हाक मारून विचारायचा, कितवीत गेलीस?

आबाजींनी शब्द पाळला. मरेपर्यंत त्यांनी आम्हाला विचारलं नाही.

पोरायची पसंती पुढे सात वर्षं चालली. दुसऱ्या वर्षापासून चाचा खोकं स्टुलावर ठेवायचा आणि पाठ करून उभा राहायचा. गीताबाई दोनदा जिंकल्या. एकदा एक कुल्फीवाला जिंकला, कारण तो घंटी तालात वाजवायचा. तुळशीरामने मिलीबग, म्हणजे पांढरा पिठ्या ढेकूण, आला त्या वर्षी अंगाला पीठ चोपडून नवं सोंग काढलं आणि पुन्हा पत्र्याचं बोंड नेलं. माझा काका दरवर्षी उभा राहायचा आणि दरवर्षी पडायचा. पण त्या निमित्ताने तो घराबाहेर पडला, पुन्हा वावरात जायला लागला, आणि हरण्याची त्याला एवढी सवय झाली की कापसाचा भाव ऐकून तो हसायला शिकला. दोन हजार बारानंतर सेट टॉप बॉक्स आले आणि गावच्या वाहिनीला रिमोटवर आकडाच उरला नाही. सोहळा संपला. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही, एका दिवाळीत तो झाला नाही एवढंच.

मी आता खामगावला शिकवते. निवडणूक आली की आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागते. मतदान केंद्रात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करताना माझा हात नेहमी जरा जास्तच काळजी घेतो. सोबतचे हसतात. एकदा एका म्हाताऱ्याच्या मागे त्याचा मुलगा आडोशात शिरायला निघाला, त्याच्यावर मी अशी ओरडले की पोलीस धावत आला. माझा स्वभाव तिखट आहे असं तिथे सगळ्यांचं मत पडलं. पडू दे.

मागच्या वर्षी विहंगचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी आम्ही पाचही भावंडं गच्चीवर बसलो होतो, आणि कुणीतरी तो विषय काढला. मी मन घट्ट करून सांगून टाकलं की त्या वेळी काकाला मत न देणारी मी होते. विहंग म्हणाला, तू कशी? मी होतो. मग तिसरा म्हणाला, मीही, आणि चौथीही तेच म्हणाली. शेवटी उरला गोपाळ, काकाचा स्वतःचा मुलगा. त्याने घसा खाकरला आणि सांगितलं की अळी त्यालाही फार आवडायची. पाचच्या पाच! आबाजींचा संशय शंभर टक्के खरा होता, आणि घरातल्या एकाही पोराने काकाला मत दिलं नव्हतं. आम्ही इतके हसलो की खालून बायका बघायला आल्या.

लग्नाचे लाडू घेऊन मी संग्रामपूरला चाचाकडे गेले. आता तो तिथे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. केस पांढरे, चष्मा जाड. उमैमा नर्स झाली आहे, सरवरीचाची दुकानातच पडद्यामागे चहा करते. ही गंमत त्याला सांगायची म्हणून मी बसमध्ये वाक्यं जुळवत आले होते. इतक्या वर्षांनी त्याला कळायलाच हवं होतं की त्याने एकाला नाही, पाच जणांना वाचवलं होतं. चहा झाला. मी म्हटलं, "चाचा, ते पहिल्या साली आमच्या घरी खोकं आणलं होतं ना, तेव्हा मी मत..."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला आणि पंजा वर केला.

"नको सांगू बेटा. तुह्या आबाजीले नाही सांगतलं, तं मले काऊन सांगतं?"

मी म्हटलं, आता काय राहिलंय, आबाजीही गेले. तो नाहीच म्हणाला. तेव्हा मला माझा जुना राग आठवला, दहा वर्षांच्या पोरीचा. मी विचारलं की मग त्या दिवशी शपथ का नाही घेतली? एक वाक्य होतं. डिश राहिली असती, धंदा राहिला असता. तुम्हाला माहीत नाही एवढंच तर म्हणायचं होतं.

चाचा चष्मा पुसत होता. "मले मालूम होतं," तो म्हणाला. "म्हनून तं शप्पथ नाही घेता आली."